बुधीबायशी भांडायचं कसं

बुधीबाय गेली आणि मोखाड्याच्या आठवडे बाजाराचा आवाज निम्मा झाला. बरं झालं असं कोणी म्हणालं नाही. सुकट विकणारी ताराबाय एवढंच म्हणाली, "आता माझं मला ऐकू येतं." मग तिनं हातानं डोळे पुसले. सुकटीच्या हातानं डोळे पुसल्यावर काय होतं ते सांगायला नको. त्यामुळं ती रडली किती आणि तिला झोंबलं किती, ते मला कळलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण बुधीबायबद्दल नुसतं चांगलं लिहिलं तर ती कोण होती तेच कुणाला कळायचं नाही, आणि तिला कळलं तर ती वरून शिव्या घालील. म्हणून जशी होती तशी लिहितो.

बुधीबाय म्हणजे चार हाडं आणि एक आवाज. उंचीनं एवढीशी, की टोपल्यांची चवड डोक्यावर घेऊन जीपमधून उतरली की लांबून टोपल्याच चालत येताहेत असं दिसायचं. जवळ आल्यावर खाली बाई आहे हे समजायचं, कारण टोपल्या शिव्या देत नाहीत.

तिचं माहेर सूर्यमाळ आणि सासरही सूर्यमाळच. ह्या पाड्यावरून त्या पाड्यावर दिली, मधे एक ओहोळ. पण लग्नात आपण किती रडलो हे ती असं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगी पार गुजरातेत दिली. माझी बायको सोमी, तीही सूर्यमाळची. त्यामुळं मी बुधीबायचा जावई. एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई. माझे केस पिकले, दात गेले, मला स्वतःला दोन जावई आले, तरी भर बाजारात ती हाक मारायची, "ओ जावाय!" आणि चार माणसं वळून बघायची, नवरदेव कुठाय म्हणून. साध्यात असली की मला 'तू' म्हणायची. रागावली की 'तुम्ही'. "बसा जावाय, टेका," असं म्हणाली की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

बाजारात सोमी आणि बुधी शेजारी शेजारी बसायच्या. एक सोमवारी जन्मलेली, एक बुधवारी. ताराबाय म्हणायची, मधला मंगळवार ह्या दोघींनी भांडून पळवून लावला. सोमीकडं नागली, वरई, उडीद, पावसाळ्यात रानभाजी. बुधीबायकडं बांबूचं काम. सूप, पाटी, टोपली, कोंबड्या झाकायचं डालगं, सगळं तिनं स्वतः विणलेलं. बांबू तोडायला सून जायची, कामट्या बुधीबाय काढायची. आणि बाजूला परसातलं काय असेल ते. काकडी, चवळी, भोपळा, करांदे.

बाजार चुकला तर तिला ताप यायचा. खरंच यायचा, सून सांगायची. आणि तिच्या पोराला, गोविंदाला, नेमका तिचा बाजारच बंद करायचा होता. गोविंदा ठाण्याकडं इमारतीच्या कामावर असतो, सणावाराला घरी येतो. आला की आईला म्हणायचा, "आई, आता बस झालं. लोक मला नावं ठेवतात. मी कमावतो, आणि तू रस्त्यावर बसतेस. कुठं पडलीस, धडपडलीस, त्या दिवशी तुझा बाजार एकदम बंद. मला टेन्शन नाय पाहिजे." बुधीबाय आम्हाला हे सगळं त्याच्याच आवाजात करून दाखवायची. 'टेन्शन' म्हणताना कपाळाला हात लावायची. आम्ही हसायचो. पण त्या दिवशी तिच्या टोपल्यांचा भाव चढलेला असायचा. ती घाबरली की भाव वाढवायची.

विकायची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की आधी चौकशी. "काय भरणार हिच्यात?" नागली म्हटलं तर एक टोपली, मासळी म्हटलं तर दुसरी, आणि "बघू, काहीतरी भरू" म्हणणाऱ्याला "मंग आधी ठरव आणि ये."

एकदा गाडीवाले नवराबायको आले, नाशिककडचे. बाईनं सूप उचललं आणि "कित्ती सुंदर!" म्हणाली.

बुधीबाय म्हणाली, "काय पाखडतेस?"

"पाखडायला नको आजी, भिंतीवर लावणार. हॉलमध्ये."

बुधीबाय माझ्या बायकोकडं वळून म्हणाली, "सोमे, हिची भिंत काय खाते गं?"

सूप दिलं नाही. मागाल ती किंमत देते म्हणाली बाई, तेव्हा तर अजिबातच दिलं नाही. "भाव न करता नेलेली वस्तू घरात रुसून बसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. शेवटी नवरा शहाणा निघाला. तो म्हणाला, "आजी, फार महाग सांगताय हो. अर्ध्यात द्या." बुधीबायचं तोंड असं उजळलं, की काय सांगू. मांडी सावरून बसली आणि मन भरेस्तोवर त्याच्याशी भांडली. सूप दिलं, वर एक काकडी दिली, आणि बाईला दम भरला, "वर्षातून एकदा तरी खाली काढून तांदूळ पाखड. नायतर सूप सांगंल मला."

दुसरी गोष्ट जव्हारची. बचत गटाच्या मॅडमनी तिथल्या प्रदर्शनाला ह्या दोघींना नेलं होतं. मीही ओझं उचलायला गेलो. मॅडमनी आधीच निरोप दिला होता, नवी काकडी, नवी नागली आणा, लोकांना ताजं आवडतं. पण दिवाळीची वाघबारस व्हायची होती. आमच्याकडं नवं पिकलं की आधी वाघदेवापुढं ठेवायचं, मग खायचं, मग विकायचं. मॅडम चांगल्या होत्या, पण त्या खालच्या गावच्या. म्हणाल्या, "आजी, एक दिवस आधी विकलं तर काय होतं?"

"तुला काय नाय होत," बुधीबाय म्हणाली. "तुझ्या रस्त्यात वाघ नाय."

नुसत्या टोपल्या घेऊन गेली. तिथं प्रत्येकीला एक टेबल, त्यावर पांढरं इस्त्रीचं कापड. कापड मळंल म्हणून बुधीबायनं ते घडी घालून बाजूला ठेवलं आणि ऊन लागत होतं म्हणून टेबलाखाली जाऊन बसली. टोपल्याही खालीच. प्रत्येक टोपलीला मॅडमनी भावाची चिठ्ठी लावली होती, ती काढून टाकली. "भाव लिहूनच ठेवायचा त मी कशाला आले? चिठ्ठीलाच पाठवायचं होतं."

मोठे साहेब आले, मागं चार माणसं, फोटोवाला. रिकामं टेबल बघून पुढं निघाले, तर खालून आवाज, "वाकून बघ की राजा, कंबर मोडली का?" साहेब वाकले. चांगला माणूस होता, हसला आणि गुडघ्यावर बसून पाटी घेतली, भाव करून घेतली. पण फोटोवाल्यानं काढला तो फोटो वाकलेला असताना. त्यात बुधीबाय नाही, पाटी नाही, साहेबांची पाठ तेवढी आहे. तो फोटो मॅडमनी सगळ्यांना मोबाइलवर पाठवला. बुधीबायला दाखवला तर तिनं मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, "बरी आलेय मी." आम्ही पोट धरून हसलो. तिला विनोद करता येतो हे आम्हाला माहीत होतं, दुसरं काही मनात आलं नाही.

ह्या दोघींचं भांडण हा बाजारातला ठरलेला खेळ होता. जीपमधून उतरल्यापासून परत जीपमध्ये बसेपर्यंत. जास्त बोलायची सोमी. घरात माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलणारी बायको, पण बाजारात बसली की तिच्या तोंडाला खळ नसायचा. "आली बघ तुझी मास्तरीण, मागच्या वेळची पाटी काखेत घेऊन, आता ऐक तिचं!" "तोंड सरळ कर गं, पोलीसपाटील उभा हाय, हात मागं बांधून!" "डोळे फुटले का तुझे, बाई डालगं हातात घेऊन उभी हाय, दे की सोडून!" बुधीबायच्या गिऱ्हाइकांकडनं पैसेही सोमीच घ्यायची, आणि संध्याकाळी वाद घालत तिच्या पदराला बांधून द्यायची. मला वाटायचं, आपल्या बायकोला दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायची खोड आहे. एकदा तसं बोललोही. सोमी म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय बायकांचं!" ते बरोबर होतं.

पावसाळा सरता सरता सोमी गेली. तिचं मी इथं लिहीत नाही. ते मला जमायचं नाही.

दिवसकार्याला बुधीबाय आली. मला वाटलं हंबरडा फोडील. ती कुडाला टेकून गप बसली, जेवली, आणि जाताना म्हणाली, "ओ जावाय, बाजाराला या. तिच्या जागेवर कोणी दुसरं बसता कामा नये." मी म्हटलं, मला विकता येत नाही. "कोण म्हणतं विका म्हणून? नुसते बसा." 'तुम्ही' म्हणत होती, म्हणून घाबरून मी गेलो. दुसरंही होतं. घरात सगळं जिथल्या तिथं होतं, त्यानंच बसवत नव्हतं.

पहिल्या बाजाराला मी सोमीच्या जागेवर पोतं अंथरलं, मागच्या सालची नागली मांडली आणि गप बसलो. बुधीबाय दोन-तीनदा म्हणाली, "काय जावाय, तोंड शिवून आलात का?" माणसाची बायको गेलीय, ह्या बाईला कळत नाही का, असं मनात आलं.

थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. चांगला हातभर रुंद माणूस, ओठावर झुपकेदार मिशा. टोपली उचलून बघू लागला. बुधीबाय गोड आवाजात म्हणाली, "घे गं बाय, तुझ्यासाठीच विणलीय."

आजूबाजूचे हसले. मिशावालाही लाजून हसला. बुधीबाय एक क्षण थांबली आणि म्हणाली, "हसता काय? घरात बायकोचं काम हाच करतो, तोंडावरून दिसतं." अजून हसू झालं. टोपली खपली.

त्याच्या पुढच्या बाजाराला बकरी आली. कोणाची तरी सुटलेली, काळी. बुधीबायच्या पालेभाजीच्या जुड्यांपुढं उभी राहिली आणि तिनं एक जुडी हुंगली. बुधीबाय म्हणाली, "घ्यायची त घे, नुसती चाचपू नको." बकरीनं दुसरी जुडी हलवली. "ताजी हाय गं, आज सकाळी तोडली. किती देऊ?" बकरी काय बोलणार? "मुकी हायेस का? का सासूनं भाव करायला नाय शिकवलं?" तोवर बकरीनं जुडी खायला घेतली. बुधीबायला तोंडाचा आवाज आला तेव्हा ती जरा दचकली. "इथंच खातेस का? घरी नवरा उपाशी असंल!"

अख्खी रांग लोटपोट झाली. ताराबायला ठसका लागला. लोकांना वाटलं, म्हातारी रंगात आलीय, बकरीशी भाव करतेय. मी मात्र हसलो नाही, कारण मी तिच्या बाजूलाच बसलो होतो. बकरी निघून गेल्यावरही बुधीबाय त्या मोकळ्या जागेशीच बोलत होती.

बाजार उठताना मी तिला बाजूला घेतलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "बुधीबाय, तुला दिसत नाय."

"हळू बोल, मेल्या!" तिनं माझं मनगट धरलं. टोपल्या विणून विणून तिच्या बोटांची पकड पक्कडीसारखी झाली होती. "सोमी कितीक पावसाळे गप राहिली, आणि तुला दोन बाजारांत तोंड फुटलं?"

मग तिनं सांगितलं. जव्हारला डोळ्यांचं शिबिर होतं, सोमी आपला गुडघा दाखवायला म्हणून गेली होती, ती खरं हिला घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईनं बघितलं आणि सांगितलं, हे मोतीबिंदूचं नाही, आतली नस गेली, आधी यायला हवं होतं. एका डोळ्याला उजेड-अंधार कळेल, तेवढाच. त्या दिवसापासून सोमी तिचे डोळे झाली होती. सरळ सांगितलं तर लोकांना कळलं असतं, म्हणून भांडून सांगायची. कोण आलं, बाई का बाप्या, हातात काय घेतलंय, तोंड कसं केलंय, सगळं शिव्यांत बसवून.

"सुनेला माहीत हाय?"

"तिला वाटतं कमी दिसतं. घरात मी भिंतीच्या आधारानं फिरते, विणायला बोटं हायेत. पण गोविंदाला कळलं त तो मला ओट्यावर बसवंल. सून जेवायला वाढंल, नातवंडं मोबाइल बघतील. मी तिथं बसून कोणाशी भांडू, सांग? खांबाशी?"

मी म्हटलं, "बरं. आता मी सांगीन."

पण ते सोपं नव्हतं. पुढच्या बाजाराला पहिलं गिऱ्हाईक आल्याबरोबर मी मोठ्यानं म्हटलं, "एक बाई आली आहे. हिरवी साडी. सूप उचललं."

बुधीबायनं कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक बाई माझ्याकडं बघू लागली. ती गेल्यावर बुधीबाय दातओठ खात म्हणाली, "एसटी लागली का रे फलाटाला? असं सांगतात? भांडून सांग."

"मला काय भांडण सुचत नाय."

"सोमीशी काय करायचास मंग?"

"ती बोलायची, मी ऐकायचो."

"तरीच ती माझ्याकडं येऊन मोकळी व्हायची," म्हणाली.

मग तिनं मला शिकवलं. म्हातारपणी शिव्या शिकलो. आधी शिवी, मग बातमी, मग परत शिवी, असा तिचा धडा. जीपच्या वाटेवर माझी उजळणी घ्यायची. "समज, एक बाप्या आला. टोपी हाय. डालगं बघतोय. बोल."

"ए म्हातारे..."

"म्हातारी कोणाला म्हणतोस!"

"तूच शिव्या दे म्हणालीस."

"हां, चल. पुढं."

"ए म्हातारे, टोपीवाला बाबा डालगं उलटं करून बघतोय, त्याला काय कोंबडीसारखं आत बसवणार का?"

"आता जमलं," ती म्हणाली. "थोडं अजून मोठ्यानं. सोमीचा आवाज तिकडं तहसिलापर्यंत जायचा."

हळूहळू जमू लागलं. मी मुळातच फटकळ, नुसतं आवाजाचं काम होतं. लोक म्हणू लागले, बायको गेल्यापासून काशा बिघडला, सूर्यमाळच्या म्हातारीशी दर बाजारी भांडतो, ह्या वयात शोभतं का? ताराबायनं तर मला समजावलं, "जाऊ दे दादा, ती तशीच हाय, तू मनावर घेऊ नको." मी म्हटलं, "नाय घेत." आणि दिवसभर भांडून घसा बसवून घरी जायचो. भाकर चांगली लागायची.

दिवाळीला गोविंदा घरी आला. बकरीची गोष्ट तोवर पाड्यापाड्यावर गेली होती. लोक हसण्यासाठी सांगायचे, पण गोविंदा हसला नसणार. वाघबारस झाल्यावरच्या बाजाराला तो आईला न सांगता मागच्या जीपनं आला.

मी त्याला लांबूनच बघितलं. बुधीबायच्या समोर येऊन उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. वाकून एक पाटी उचलली. मुद्दाम. आई ओळखते का ते बघत होता. बुधीबायला कामटीचा आवाज आला, तिनं तोंड उघडलं. ती आता "ये गं बाय" म्हणणार, हे मला दिसत होतं. आणि म्हणाली असती तर तो तिचा शेवटचा बाजार.

मी ओरडलो, "ए म्हातारे! दुनियेला तोंड देतेस, आणि पोटचा पोरगा मुक्यासारखा पाटी घेऊन उभा हाय तर त्याला बस म्हणायला तोंड दुखतं काय?"

बुधीबायचा उघडलेला जबडा मिटला. पापणी न हलवता ती म्हणाली, "बस कशाला म्हणू? आईच्या दुकानापुढं चोरासारखा उभा राहतो तो. ठेव ती पाटी खाली. घेणार नायस त चाचपू नको."

गोविंदा म्हणाला, "आई, मी शर्ट कुठला घातलाय?"

"निळा शर्ट घालून आईची परीक्षा घ्यायला आलाय मास्तर!" मी म्हटलं. "ठाण्याला हेच शिकवतात काय?"

"निळा शर्ट घातला म्हणून साहेब झालास का?" बुधीबाय म्हणाली.

आता गोविंदानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पोरगा मूर्ख नाही. त्याच्या मनात सोमीची भांडणंही आली असतील, घरी आला की बाजारात त्यानंही ती ऐकलेली. त्यानं पाटी खाली ठेवली, शेजारी उकिडवा बसला आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही दर बाजारी येता?"

"येतो."

"आजारी पडलात तर?"

"सांगून पडंन."

तो खाली मान घालून बसला. बुधीबायचे दोन्ही हात एका टोपलीच्या काठावर होते, आणि बोटं काठावरून फिरत होती, जसं काही काठ कुठं सुटलाय ते शोधतेय.

तेवढ्यात एक बाई आली आणि तिनं सूप उचललं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी गोविंदाच बोलला. आवाज जरा चिरकाच निघाला, सवय नव्हती. "आई, ती पिवळ्या साडीवाली मावशी सूप घेऊन उभी हाय, तू काय झोपलीस काय?"

बुधीबायनं नाक ओढलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "बापासारखाच हाय. ओरडता पण येत नाय धड." मग पिवळ्या साडीवालीकडं तोंड करून, "हां बाय, काय पाखडतेस?"

गोविंदा परत ठाण्याला गेला. जाताना सुनेला सांगून गेला, बाजाराच्या दिवशी आईला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसव. बुधीबायला ते आवडलं नाही. पुढं बसलं की मागच्यांशी भांडता येत नाही. पण बाजार सुटला नाही. थंडीभर आली. टोपल्या तशाच, काठ तसाच घट्ट. माझा आवाज मात्र बिघडला तो बिघडलाच.

होळीच्या आधी ती झोपेतच गेली. सकाळी सून उठवायला गेली तेव्हा गार होती. कोपऱ्यात एक डालगं अर्धं विणलेलं होतं. ते गोविंदानं तसंच ठेवलंय.

मला ती शेवटची दिसली ती त्याच्या आधीच्या बाजारी. बाजार उठला होता, सूर्यमाळची जीप भरली होती. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, उरलेल्या दोन टोपल्या मांडीवर दिल्या आणि मागून वळसा घालून पलीकडं उभा राहिलो, कारण ड्रायव्हरला पान आणायला सांगायचं होतं. जीपमध्ये तिच्याच पाड्यावरची माणसं, सगळी ओळखीची. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

बुधीबायनं मान बाहेर काढली. मी ज्या बाजूला नव्हतो त्या बाजूला. तिथं विजेचा खांब होता. त्या खांबाकडं तोंड करून, हात नाचवत, ती ठणकावून म्हणाली, "ओ जावाय! पुढच्या बाजाराला घसा शेकून या. आज तुमचा आवाज म्हणजे रेडकाचा. सोमी असती त लाजली असती!"

मागची माणसं फिदीफिदी हसली. एकजण मान वाकडी करून खिडकीतून बघू लागला, जावई कुठं उभा आहे ते.

मी धावलो. ह्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. जीपच्या मागून वळून खांबाजवळ पोचलो, खांबाला हात लावून उभा राहिलो, आणि दम लागलेला कोणाला दिसू नये म्हणून छाती फुगवून ओरडलो, "तूच शेकून ये म्हातारे, तुझ्यामुळंच बसलाय घसा!"

बुधीबाय माझ्याकडं बघून हसली. अगदी माझ्या तोंडाकडं बघून. जीप सुटली तरी तिचा हात बाहेर होता, आणि बोलणं चालूच होतं.